कॅल्शियम धरलेली रक्तवाहिनी: आधी वाट, मग स्टेंट

(सामुदायिक रेडिओवरील ‘आरोग्याच्या गप्पा’ या कार्यक्रमातलं भाषण)



ज्यांच्या घरी बोअरचं पाणी येतं, त्यांना क्षार म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो, हीटरच्या कॉईलवर खपली धरते. थर नवा असेल तर लिंबाच्या सालीनं घासला की निघतो. वर्षानुवर्षांचा असेल तर मात्र तो दगडासारखा होतो. मग घासून भागत नाही, तो खरवडावा नाहीतर ठोकून फोडावा लागतो.

आज मी हृदयाच्या रक्तवाहिनीत साचणाऱ्या कॅल्शियमबद्दल बोलणार आहे. मी कॅथलॅबमध्ये सिस्टर म्हणून काम करते. अँजिओग्राफी चालू असताना डॉक्टर कधीकधी बाहेर येतात आणि नातेवाइकांना सांगतात, “ब्लॉकेज आहे, पण कॅल्शियम फार आहे. साध्या फुग्यानं होणार नाही, वेगळी मशीन लागेल, खर्च वाढेल.” बाहेर मुलगा असतो, सून असते, गावाकडून आलेली जाऊ असते. हातात सहीचा कागद येतो. काय विचारायचं हे कुणालाच सुचत नाही. कुणी घाबरून सही करतं, तर कुणी “आता वय झालं, कशाला चिरफाड” म्हणून आईला परत घेऊन जातं. तिथं उभं राहायची वेळ आपल्यातल्या कुणावरही येऊ शकते, म्हणून आज हा विषय.

आधी हृदय समजून घेऊ. आपल्या मुठीएवढं हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतं. साऱ्या अंगाला रक्त पुरवणाऱ्या या हृदयाला स्वतःलाही रक्त लागतं. ते पुरवणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्या असतात, एक उजवी आणि एक डावी. डावीला पुढं दोन मोठे फाटे फुटतात. यांनाच कोरोनरी म्हणतात. त्यांची रुंदी किती? बॉलपेनच्या रिफिलएवढी, म्हणजे तीन-चार मिलिमीटर. एवढ्याशा नळीवर सगळा संसार उभा आहे.

वय वाढतं तसा या नळीच्या भिंतीत चरबीचा थर साचू लागतो. शरीर त्या जखमी जागी हळूहळू कॅल्शियम भरत जातं आणि भिंत हाडासारखी टणक होते. इथं पातेल्यातल्या क्षारात आणि यात एक फरक आहे. पातेल्यातला थर आतून वर चिकटलेला असतो. रक्तवाहिनीतलं कॅल्शियम बऱ्याचदा भिंतीच्या पोटात असतं, म्हणूनच ते काढून टाकणं सोपं नसतं. वय, मधुमेह, बीपी, मूत्रपिंडाचा आजार आणि तंबाखू ही त्याची मोठी कारणं. दात घासायची मिश्रीही तंबाखूच असते, हे विसरू नका. डायलिसिसवरच्या रुग्णांत हे कॅल्शियम लवकर आणि जास्त साचतं. बायकांना पाळी असेपर्यंत थोडं संरक्षण असतं, पाळी गेल्यावर ते कमी होतं.

इथं नेहमी एक प्रश्न येतो. “सिस्टर, आईला कॅल्शियमच्या गोळ्या चालू होत्या, त्यानंच हे झालं का?” बायांनो, दूध प्यायलं, नाचणीची भाकरी खाल्ली म्हणून रक्तवाहिनी दगडाची होत नाही. गरोदरपणात आशाताईंनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या या भीतीनं बंद करू नका. त्या आईसाठी आणि बाळासाठी गरजेच्या असतात. मात्र कुणी सांगितलं नसताना दुकानातून गोळ्या आणून वर्षानुवर्षं घेत राहणंही बरं नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. आणखी एक सांगते. रक्तवाहिनीतलं साचलेलं कॅल्शियम विरघळवून टाकेल अशी कुठलीही गोळी, काढा किंवा चूर्ण नाही. तसं सांगून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. डॉक्टर कोलेस्टेरॉलची गोळी देतात, ती पुढचा धोका कमी करते. तिनं दगड वितळत नाही, पण म्हणून ती सोडायची नसते.

आता उपचाराकडे येऊ. हातातल्या किंवा मांडीतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक, लवचिक नळी हृदयापर्यंत नेतात. तिला कॅथेटर म्हणतात. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समन नावाच्या तरुण डॉक्टरानं स्वतःच्याच हाताच्या शिरेतून अशी नळी हृदयापर्यंत घातली आणि चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं. १९५६ साली त्याला त्याच कामासाठी नोबेल मिळालं. पुढं १९७७ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिचला आंद्रेआस ग्रुन्टझिग या डॉक्टरानं नळीच्या टोकाला छोटा फुगा लावला आणि जाग्या असलेल्या रुग्णाच्या हृदयाची अरुंद रक्तवाहिनी फुगवून मोकळी केली. ती हृदयाच्या रक्तवाहिनीची जगातली पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी. नंतर स्टेंट आला. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. फुग्यावर बसवून ती आत नेतात, फुगा फुगवला की जाळी उघडते आणि भिंतीला टेकून राहते.

चरबीचा थर मऊ असेल तर फुगा त्याला बाजूला सारतो आणि काम होतं. पण भिंतच दगड झाली असेल तर? फुगा दोन्ही टोकांना फुगतो, मध्ये मात्र आवळलेला राहतो. पडद्यावर तो डमरूसारखा दिसतो. अशा जागी घाईनं स्टेंट बसवला तर तोही मध्ये अर्धवटच उघडतो. अर्धवट उघडलेल्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा, पुन्हा ब्लॉकेज होण्याचा धोका जास्त असतो. आणि एकदा भिंतीला बसलेला स्टेंट सहसा परत काढता येत नाही. आजच्या बोलण्यातली ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कॅल्शियम असेल तर आधी वाट तयार करायची, मग स्टेंट. पेरणीआधी नांगरट, तसंच हे.

वाट कशी तयार करायची हे ठरवायला आधी बघावं लागतं. साध्या अँजिओग्राफीत कॅल्शियम हृदयाबरोबर हलणाऱ्या सावलीसारखं दिसतं, पण ते किती खोल आहे हे नीट कळत नाही. त्यासाठी रक्तवाहिनीच्या आतूनच चित्र घेणारी बारीक नळी असते. एका प्रकारात ध्वनिलहरी वापरतात, आपल्या सोनोग्राफीसारख्या. तिला आयव्हस म्हणतात. दुसऱ्या प्रकारात प्रकाश वापरतात, तिला ओसीटी म्हणतात. त्यात डॉक्टर तीन मापं बघतात. कॅल्शियम नळीच्या अर्ध्याहून जास्त घेरात आहे का, त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त आहे का, आणि लांबी पाच मिलिमीटरहून जास्त आहे का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं, तर स्टेंट नीट उघडणार नाही अशी शंका धरायची.

आता हत्यारं एकेक करून सांगते. नावं पाठ करू नका, काम समजून घ्या.

पहिलं, जास्त दाबाचा फुगा. हा कडक असतो, ठरलेल्या मापाबाहेर पसरत नाही. जीपच्या चाकात हवेचा दाब साधारण दोन-अडीच वातावरणाइतका असतो. हा फुगा वीस आणि त्याहूनही जास्त दाब सहन करतो. कॅल्शियम थोडं असेल तर एवढ्यानं काम होतं.

दुसरा, पात्यांचा फुगा. याच्या अंगावर लांबीच्या दिशेनं तीन-चार अतिशय बारीक पाती असतात. भरल्या वांग्याला आपण चिरा देतो म्हणजे ते उमलतं, तशा हा फुगा टणक थराला चिरा देतो. पात्यांऐवजी बारीक तारा असलेला फुगाही असतो.

तिसरं, रोटाब्लेशन. रुग्णाच्या घरचे लोक याला ‘ड्रिल मशीन’ म्हणतात आणि घाबरतात. नळीच्या टोकाला ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान, अंडाकृती गोळी असते. सव्वा मिलिमीटरपासून अडीच मिलिमीटरपर्यंतच्या मापांत ती मिळते. तिच्यावर हिऱ्याचे सूक्ष्म कण बसवलेले असतात. ती मिनिटाला साधारण एक लाख चाळीस हजार ते एक लाख ऐंशी हजार वेळा फिरते. आपला छताचा पंखा मिनिटाला तीनशे-साडेतीनशे फेरे घेतो, त्यावरून अंदाज करा. मग ही गोळी मऊ भिंत फाडत नाही का? नखं घासायची कानस आठवा. कडक नख घासलं जातं, बाजूची मऊ कातडी दबून मागं सरते. तसंच इथं कठीण कॅल्शियम झिजतं आणि मऊ भिंत बाजूला सरते. एका वेळी पंधरा-वीस सेकंदच गोळी फिरवतात, थांबतात, पुन्हा फिरवतात. भुकटी इतकी बारीक होते की बहुतेक कण रक्ताच्या तांबड्या पेशीपेक्षाही लहान असतात. ते रक्ताबरोबर वाहून जातात आणि शरीर त्यांचा निचरा करतं. हे तंत्र अमेरिकेत १९९३ सालापासून मान्यता मिळालेलं आहे, म्हणजे कालपरवाचं नाही. जिथून फुगाही आत सरकत नाही इतकी वाट बंद असेल, तिथं हे फार उपयोगी पडतं.

त्याचाच एक भाऊ म्हणजे ऑर्बिटल. यात हिऱ्याचा मुकुट एका बाजूला कललेला असतो, त्यामुळं तो फिरताना गोल कक्षा घेत भिंत घासतो. वेग मिनिटाला ऐंशी हजार किंवा एक लाख वीस हजार. हे सगळ्या दवाखान्यांत असतंच असं नाही.

चौथं तंत्र तुम्हाला ओळखीचं वाटेल. मुतखडा बाहेरून लहरी देऊन फोडतात, हे तुम्ही ऐकलं असेल. जर्मनीत म्युनिकला १९८० साली असा उपचार पहिल्यांदा माणसावर झाला. तीच कल्पना आता फुग्याच्या आत आणली आहे. तिचं नाव आयव्हीएल. ब्लॉकेजच्या जागी फुगा नेऊन फक्त चार वातावरणांच्या दाबानं, म्हणजे अगदी हलक्या हातानं फुगवतात. आत पाण्यासारखा द्रव असतो. त्यात सेकंदाला एक अशी ठिणगी पडते आणि दाबाची लहर निघते. ती मऊ मांसातून आरपार जाते, पण टणक कॅल्शियमला भेगा पाडते, अगदी खोलवरच्यासुद्धा. भेगा पडल्या की भिंत सैल होते आणि स्टेंट नीट उघडतो. अमेरिकेत याला फेब्रुवारी २०२१ मध्ये हृदयासाठी मान्यता मिळाली. हा फुगा महाग असतो, आणि वाट फारच अरुंद असेल तर तो आतच जात नाही. मग आधी रोटाब्लेशननं थोडी वाट करायची आणि नंतर हा फुगा न्यायचा, असंही करतात.

मैत्रिणींनो, महाग ते चांगलं, हा हिशेब इथं चालत नाही. अमेरिकेत दोन हजारांहून जास्त रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचं नाव एक्लिप्स. निम्म्यांमध्ये आधी ऑर्बिटल मशीन वापरली, निम्म्यांमध्ये फुग्यांनीच वाट केली, मग सगळ्यांना स्टेंट बसवले. २०२४ मध्ये निकाल आला. एका वर्षानंतर दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. याचा अर्थ मशीन निरुपयोगी आहे असा नाही. जिथं फुगा जात नाही किंवा उघडत नाही, तिथं ती लागतेच. पण प्रत्येक कॅल्शियमला मशीन लागते असंही नाही. म्हणून “मशीन का लागणार?” हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि चांगले डॉक्टर पडद्यावर चित्र दाखवून त्याचं उत्तर देतात.

धोकेही सांगायला हवेत. या उपचारांत रक्ताचा वेग काही वेळ मंदावू शकतो, हृदयाचे ठोके कमी होऊ शकतात, भिंतीला चीर किंवा छिद्र पडू शकतं, क्वचित गोळी आत अडकू शकते. म्हणूनच हे काम असल्या केसेस नेहमी करणाऱ्या हातांनी, तयारीच्या ठिकाणीच व्हावं.

आता कागदावर सही करायच्या आधी विचारायचे पाच प्रश्न. वहीत लिहून घ्या.

एक: हा हार्ट अटॅक आहे का, म्हणजे आत्ताच करायला हवं का, की आम्हाला दोन दिवस विचार करता येईल? अटॅक चालू असेल तर एक मिनिटही घालवू नका, तिथं वेळ गेला की हृदयाचा स्नायू जातो. तसं नसेल तर घाईनं ठरवू नका.

दोन: कॅल्शियम किती आहे, आणि ते आतून चित्र घेऊन बघितलं का?

तीन: फुग्यानं होईल का? नसेल तर कोणतं तंत्र वापरणार, आणि तेच का?

चार: बायपास हा पर्याय चांगला ठरेल का? फक्त गोळ्यांवर ठेवता येईल का? मधुमेह असून तीन वाहिन्यांत ब्लॉकेज असेल तर बऱ्याचदा बायपास जास्त टिकाऊ ठरते.

पाच: एकूण खर्च किती, आणि योजनेत काय बसतं?

खर्चाचं थोडं सविस्तर बोलू. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली, त्यानंतर ती वेळोवेळी बदलत गेली. पण रोटाब्लेशनची गोळी किंवा आयव्हीएलचा फुगा म्हणजे स्टेंट नव्हे, त्यांचं बिल वेगळं लागतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्यांना भेटा आणि स्पष्ट विचारा: “ही वेगळी मशीन योजनेत आहे का, की वरचे पैसे आम्ही द्यायचे?” १५५३८८ या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. सोनं मोडायच्या आधी, सावकाराकडे जायच्या आधी हा एक फोन करा.

स्टेंट बसला की काम संपलं, असं समजू नका. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या देतात. त्या बहुतेकांना सहा महिने ते वर्षभर घ्याव्या लागतात, आणि त्यातली एक तर पुढंही चालू राहते. एकादशी आहे, नवरात्र आहे, गोळ्या संपल्या पण बाजार गुरुवारी आहे, दात काढायचा आहे, यांतल्या कुठल्याही कारणानं त्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. उपास असेल तर दुधाबरोबर घ्या, पण घ्या. दात काढायचा असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. शुगर आणि बीपी ताब्यात ठेवा, मिश्री आणि तंबाखू सोडा. आत फोडलेलं कॅल्शियम एका जागेचं असतं, बाकीच्या वाहिन्या आपल्यालाच सांभाळायच्या असतात.

शेवटी बायकांच्या त्रासाबद्दल. आपल्याला छातीत दुखतंच असं नाही. जबडा, मान, पाठ, खांदा दुखतो, दम लागतो, घाम फुटतो, उलटीसारखं होतं, पाण्याची घागर उचलताना एकाएकी गळून जायला होतं. आपण त्याला पित्त म्हणतो, ओवा खातो आणि भाकऱ्या थापायला बसतो. घरातले म्हणतात, तिला नेहमीचंच आहे. अशानं बाई दवाखान्यात उशिरा पोचते. चालताना, चढ चढताना त्रास होतो आणि बसलं की थांबतो, असं होत असेल तर आठवड्याच्या आत ईसीजी काढून घ्या. बसल्या जागी त्रास सुरू झाला आणि थांबला नाही तर ओवा नको, १०८ ला फोन करा.

या महिन्याच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. साठीच्या वरच्या, शुगर असलेल्या, दम लागणाऱ्या बायका आपल्या गटात आणि आपल्या घरात किती आहेत, त्यांची यादी करा. त्यांचं रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुने कागद एका पिशवीत ठेवायला सांगा. आणि ते पाच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. कुणाच्या सासूबाई असोत, कुणाची आई असो, कॅथलॅबच्या दारात उभी राहणारी बाई गोंधळून जाता कामा नये.

पुढच्या आठवड्यात भेटू. काळजी घ्या. नमस्कार.